पत्र्याची बोट

आज चेंबूर कॅम्पात मैत्रिणीच्या आजेसासऱ्यांकडे गेले होते. वय 85. बाल्कनीत (तिला बाल्कनी म्हणायचं हेही धाडसच) तेलाच्या डब्यांतून कापलेली आगबोट. धुराच्या जागी तारेच्या घासणीचा गुंता. डेकवर बाटल्यांच्या बुचांची माणसं, इतकी खेचाखेच की आपली विरार लोकल बरी!

"असेच आलो कराचीहून," दादा म्हणाले.

फाळणीनंतरचं बालपण कल्याणच्या निर्वासित छावणीत. लष्कराच्या रिकाम्या बराकी, एकेकीत कितीतरी कुटुंबं, मधली भिंत म्हणजे गोणपाट. 1949 मध्ये त्याच छावणीचं उल्हासनगर झालं. खेळणी कुठली असणार? दुधाचा रिकामा डबा म्हणजे मोटार, बूटपॉलिशच्या डब्या म्हणजे चाकं. तो हात अजून गेलेला नाही. सूनबाई मात्र वैतागलेल्या, "भंगारवाला आमच्याकडे न्यायला नाही, द्यायला येतो!"

बोटीच्या कुशीवर शेंगदाणा तेलाची छापील अक्षरं तशीच होती. रंग का नाही दिलात, मी विचारलं.

"मग डबा कुठे दिसला असता?"

निघताना त्यांनी माझी पाण्याची बाटली मागितली. झाकण तेवढं काढून घेतलं, बाटली परत दिली.

"एकजण चढायचा राहिलाय."