गाडी बघायला गेलो की मी आधी टायरपाशी खाली बसतो

कोणी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, अ‍ॅव्हरेज किती देते? मग पिकअप, मग स्क्रीन केवढी, सनरूफ आहे का. टायरबद्दल कोणी विचारत नाही, मी पण कधी विचारलं नव्हतं, आणि ते मला चांगलंच महागात पडलं म्हणून हे लिहितोय.

काही वर्षांपूर्वी एक सेकंडहँड मोटरसायकल घेतली. रनिंग एकदम कमी, इंजिनचा आवाज गोड, आणि टायरवरची नक्षी जवळपास नव्यासारखी. म्हटलं चला, टायरचा खर्च वाचला. पहिल्याच पावसात एका साध्या वळणावर मागचं चाक असं निसटलं की काय झालं हे कळायच्या आत मी रस्त्यावर होतो. स्पीड चाळीसच्या आसपास असेल, ब्रेकही मारला नव्हता. कोपर आणि गुडघा सोलवटला, मागून येणारा गाडीवाला वेळेत थांबला म्हणून तेवढ्यावर भागलं.

मेकॅनिकने टायरवर नख दाबून बघितलं आणि म्हणाला, हे रबर नाही राहिलं, प्लास्टिक झालंय. मग त्याने टायरच्या बाजूवरचा आकडा दाखवला. टायर अकरा वर्षांचा होता! म्हणजे जे कमी रनिंग बघून मी खूश झालो होतो तेच खरं कारण होतं, गाडी वर्षानुवर्षं उभी होती त्यामुळे नक्षी झिजली नाही पण रबर मात्र म्हातारं झालं. ऊन, हवा, उष्णता यांनी रबर हळूहळू कडक होतं, गाडी चालो न चालो. गोटा झालेला टायर कोणालाही दिसतो, म्हातारा टायर दिसत नाही.

बघायचं कसं ते सांगतो, एक मिनिटाचं काम आहे. टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. एका बाजूला हे चार आकडे सापडले नाहीत तर दुसऱ्या बाजूला बघा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा, त्यावर बसूच नका. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही चांगली असो, बदला. कारची स्टेपनीही यात आली, ती डिकीत पडून पडून म्हातारी होते आणि नेमकी अडचणीच्या वेळी, अंधारात, भरल्या गाडीला लावावी लागते. नवीन टायर घेतानाही तारीख बघूनच घ्या, दुकानात पडून राहिलेला माल असू शकतो.

लोक मला म्हणतात एबीएस आहे ना आता, कशाला एवढं. एबीएस म्हणजे ब्रेकमधली ती यंत्रणा, जोरात ब्रेक मारला तरी ती चाक लॉक होऊ देत नाही, चांगलीच गोष्ट आहे, माझा त्याला विरोध नाही, पण ते रस्त्यावर नवीन पकड तयार करत नाही, टायर जेवढी पकड देईल तेवढीच वापरतं. कारचा एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा, मोटरसायकलचा त्याहून कमी, आणि सगळे ब्रेक, सगळं वळणं तेवढ्याशा जागेवर चालतं. त्यात स्पीड दुप्पट केला की ब्रेक मारल्यावर थांबायला अंतर दुप्पट नाही, साधारण चौपट लागतं.

हवेचं पण तसंच. टायरवर जो पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा असतो तो जास्तीत जास्त किती चालेल त्याचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. खरा आकडा कारच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये, बाइकला बहुतेक चेनगार्डवर किंवा स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर. आणि टायर थंड असताना भरायची.

परवा भावाबरोबर एक वापरलेली कार बघायला गेलो. मीटरवर अठरा हजार किलोमीटर, रंग चकचकीत, भाऊ जवळजवळ हो म्हणालाच होता. मी खाली बसलो तर चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे! कंपनीचे टायर साधारणपणे अठरा हजारात संपत नाहीत. बदललेच का, असं सरळ विचारलं तर विकणारा आधी म्हणाला कापले गेले होते, मग म्हणाला आधीच्या मालकाला माहीत. चारही एकदम कापले? सर्व्हिसचे जुने रेकॉर्ड मागितले, ते नव्हते. मीटर मागे फिरवलाय असं मी म्हणत नाही, माझ्याकडे पुरावा नाही, पण भावाला म्हटलं ही सोड. त्याला तो रंग फार आवडला होता, दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. आज सकाळी त्याचा फोन आला, दुसरी एक कार सापडलीय, फोटो पाठवतोय, आणि त्यातला पहिलाच फोटो टायरच्या आकड्याचा होता.