बंदूक पेटीत ठेवून खराब होते

आमच्याकडं बारा बोअरची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक आहे, आज्याच्या वेळची, लायसन आता माझ्या नावावर, पीक संरक्षणाचं. पाटण तालुक्यात डोंगराकडंला ज्यांचं रान आहे त्यांना काय सांगायचं, भुईमूग लावा नाहीतर ऊस, डुकरं एका रात्रीत नांगरल्यासारखं करून जातात.

आधी एक सांगतो, कारण पोरं विचारतात शिकारीचा सीझन कधी असतो. आपल्याकडं सीझन नाही. आज्याच्या तरुणपणी परवाना काढून शिकार करता यायची, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते आवळलं आणि १९९१ च्या दुरुस्तीनं परवाने बंदच झाले. डुक्कर आपल्याच रानात उभं असलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय बार टाकायचा नाही, आणि वरचं कोयना-चांदोलीचं जंगल तर २०१० पासून व्याघ्र प्रकल्प आहे. भेकराला, सशाला चला म्हणून कुणी बोलावलं तर सरळ नाही म्हणा.

म्हणजे बंदूक वर्षातनं एखाद-दोनदा वाजणार, बाकी पेटीत. आणि तिथंच ती मरते.

२०२४ ला लोकसभेच्या आचारसंहितेत मार्चमध्ये बंदूक पोलिसांकडं जमा केली, जूनमध्ये परत आणली तवर पाऊस लागलेला. कव्हर पुढनं फाटलेलं, आत ओल. घरी आल्यावर उघडून उजेडाकडं धरली तर उजवी नळी स्वच्छ दिसली पण डावीत अंधार. कुंभारीण माशीनं आत मातीचं घर केलेलं! तसाच बार टाकला असता तर नळी फुटून हात गेला असता, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हापासून हातात घेतली की पहिल्यांदा उघडायची, काडतुसाची दोन्ही घरं रिकामी बघायची, मग नळीतनं उजेड बघायचा. काडतुसं साफसफाईच्या वेळी दुसऱ्या खोलीत.

साफ करताना नळी काढायची आणि गजाला चिंधी लावून मागनं पुढं सारायची, मग पितळी ब्रश तेल लावून, मग परत कोरड्या चिंध्या, काळं यायचं थांबेपर्यंत. शेवटी बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात. खोबरेल वापरू नका, थंडीत गोठतं आणि घोडे (काडतुसावर आपटणारे) जड होतात. आणि बार टाकायच्या आधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसून घ्या.

ठासणीवाल्यांना, म्हणजे तोंडाकडनं दारू ठासायची बंदूक असणाऱ्यांना तर जास्तच काळजी, काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, सकाळी बघू म्हणालात तर सकाळपर्यंत गंज धरायला लागतो. त्याच रात्री गरम पाण्यानं नळी धुवायची, पूर्ण वाळवायची, मग तेल.

पावसाळ्यात चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, ओल धरतं. मी सुती कापडात गुंडाळून कुलपाच्या कपाटात ठेवतो, तोंड खाली करून, नाहीतर तेल उतरून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी काढून पुसायची. आतली कळ, म्हणजे घोडे चालवणारी यंत्रणा, मात्र स्वतः खोलू नका, लायसनवाल्या कारागिराकडंच न्या, माझा डावा घोडा गेल्या वर्षी त्यानंच बसवून दिला.