व्हेंट्राटा: नवव्या पानाला पहिला घट

मंडळी, माझ्या व्हेंट्राटाने, म्हणजे नेपेंथिस या किडे धरणाऱ्या घटपर्णीच्या एका संकराने, घट धरला एकदाचा!

मधेच मी तारखा लिहायचं सोडलं आणि पानं मोजायला लागलो. नेपेंथिसमध्ये आज केलेल्या बदलाचा निकाल आजच्या पानावर दिसतच नाही. घट म्हणजे फूल नव्हे, तो पानाचाच शेंडा. मधली शीर पानाबाहेर लांबते, तिचा तणावा होतो आणि त्याच्या टोकाला घट फुगतो. ते टोक एकदा सुकलं की त्या पानापुरता विषय संपला. माझ्याकडे एका पानाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे काही बदलून दोन पानं वाट पाहायची, तर दीड महिना गेलाच.

चौथं आणि पाचवं पान मी आर्द्रतेच्या नादात घालवलं. घट येत नाहीत म्हटलं की जो तो आर्द्रता म्हणतो, मीही कुंडीवर पारदर्शक पिशवी चढवली. पानं आली लांबलचक, लुसलुशीत, गडद हिरवी. मला वाटलं, झाड खूश आहे. उजेड कमी पडत होता, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पाचव्या पानाच्या बुडाशी करडी बुरशी दिसली तेव्हा पिशवी काढली.

सहाव्याच्या वेळी एलईडी लावला. फूटभर उंचीवर, रोज बारा तास. पान आखूड आणि जाड आलं, शिरेवर लालसर झाक. टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी कळी धरली आणि आठवड्यात काळी पडली. सातव्याचंही तेच.

इथे मी स्वतःवरच चिडलो होतो, कारण पाणी तर आरओचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १४. मग सहज कुंडीखाली वाटी धरून निथळलेलं पाणी मोजलं. २९०! मिश्रणातले नारळाच्या सालीचे तुकडे मी एकदाच भिजवून वापरले होते. सालीत क्षार असतात, ते बरेच पाणी बदलून धुवावे लागतात. ही झाडं निकस जमिनीतली, नत्रासाठी किडे धरणारी. त्यांच्या मुळांना क्षार सोसत नाहीत. तेव्हा ओतायचं पाणी मोजताच, पण निथळलेलंही मोजा.

कुंडी उपसली तर मुळं काळीकुट्ट, जळक्या दोऱ्यासारखी. क्षणभर पोटात गोळाच आला. पण नेपेंथिसची निरोगी मुळं काळीच असतात. टोकं फिकट होती, म्हणजे जिवंत. लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं निम्मं घेतलं, दोन्ही धुऊन. आता निथळ २२. खाली पाण्याची ताटली ठेवली नाही. ती सारासेनियाला (किडे धरणारं दुसरं एक झाड) चालते, नेपेंथिसची मुळं त्यात कुजतात. आठवं पान छोटं, बिनघटाचं आलं. मुळं हलवल्यावर एवढं होणारच.

आणि नववं. तणावा आधी खाली लोंबला, मग टोक आकड्यासारखं वर वळलं. त्यावर तपकिरी लव. काही दिवस ते रिकाम्या पाकिटासारखं चपटं होतं, मग फुगायला लागलं. झाकण अजून घट्ट मिटलेलं असताना मागून टॉर्च धरला, तर आत द्रव आधीच भरलेला! म्हणजे पावसाचं पाणी साठतं वगैरे नाही, झाड तो द्रव स्वतः तयार करतं. झाकण उघडलं तेव्हा काठ कागदासारखा पातळ होता. पुढच्या चार दिवसांत तो बाहेरच्या बाजूला वळत गेला, त्यावर बारीक कंगोरे उठले आणि हिरव्याचा तांबूस झाला.

दुपारी एक मुंगी त्याच काठावर आरामात फिरून मध चाटून गेली. सकाळी पाणी फवारल्यावर दुसरी आली आणि पाय टेकताच आत. काठ कोरडा असला तर पाय टिकतो, ओला झाला की पाण्याचा पातळ थर पसरून निसरडा होतो. घरी येणारा प्रत्येकजण झाकण कधी मिटतं विचारतो. मिटत नाही. ते व्हीनस फ्लायट्रॅपचं काम.

हात शिवशिवत असले तरी मी मुंगीपलीकडे काही खाऊ घातलेलं नाही. मांसाचा तुकडा तर नकोच, तो सडून घटच काळा पडतो. झाड हलवताना द्रव सांडला, तर तळाशी थोडं शुद्ध पाणी घातलं की घट सुकत नाही.

व्हेंट्राटा हा व्हेंट्रिकोसा आणि अलाटा या दोन नेपेंथिस जातींचा संकर म्हणून विकला जातो, आणि खरंच चिवट आहे. माझ्या एवढ्या चुका पचवल्या त्याने. पहिलंच झाड म्हणून बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावरच्या, उंचावर वाढणाऱ्या ‘नेपेंथिस राजा’ या जातीच्या मागे लागणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. त्याला रात्री गारवा लागतो, आणि तो घरात देणं सोपं नाही.

दहाव्या पानाची कळी आज हरभऱ्याएवढी आहे, हिरवी. उजेड, पाणी, जागा, काहीही हलवलेलं नाही.