गोलचा पत्ता

माझे मामा कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. त्यांना फुटबॉलमधल्या कुठल्याही गोलबद्दल सांगायला घ्या, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठल्या बाजूच्या गोलात?" शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या मॅचा बघत आयुष्य गेलेला माणूस. गोल कुणी मारला हे त्यांच्या लेखी नंतरचं. आधी बाजू, मग ऊन कुणाच्या डोळ्यांवर होतं ते, मग आपण कुठं बसलो होतो ते. एवढं झालं की मग बॉल हलतो.

माझी पंचाईत अशी की माझं फुटबॉल टीव्हीवरचं. टीव्हीला डावं-उजवं असतं, दिशा नसतात. 1 ऑक्टोबर 2000 ला लंडनच्या आर्सेनल क्लबच्या थिएरी ऑन्रीनं मँचेस्टर युनायटेडला मारलेला गोल मी मामांना आजवर दहा वेळा तरी सांगितला असेल. त्याच्याच संघातल्या ग्रिमांदीचा पास आला तेव्हा ऑन्रीची पाठ गोलकडं होती आणि पाठीला डिफेंडर चिकटलेला. त्यानं बॉल पायानं हलकेच वर उडवला, गर्रकन वळला आणि बॉल खाली यायच्या आत हाणला. गोलकी फाबियां बार्तेझ, त्याचाच फ्रान्सच्या संघातला जोडीदार. बॉल त्याच्या डोक्यावरून जाळीत. मॅच 1-0. मामा सगळं मन लावून ऐकतात आणि शेवटी म्हणतात, "ते झालं रे. पण कुठल्या बाजूच्या गोलात?"

म्हणून परवा मोबाईलवर लंडनचा नकाशा उघडला. आर्सेनल नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन सापडलं. त्याचं मूळ नाव गिलेस्पी रोड. 1932 साली हर्बर्ट चॅपमन या मॅनेजरनं मागं लागून ते बदलून घेतलं. स्टेशनापासून बोट जरासं पूर्वेला सरकवलं की हायबरी, म्हणजे तो गोल झाला ते आर्सेनलचं जुनं मैदान, दिसायला हवं. दिसतो तो मधोमध हिरवा आयत आणि त्याच्या चारी बाजूंना इमारती. आयताचा आकार अजून मैदानाचाच आहे, पण गवताच्या जागी आता बाग आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर हायबरीचं रिडेव्हलपमेंट झालं. 2006 मध्ये क्लब चालत जाण्याच्या अंतरावर, एमिरेट्स स्टेडियममध्ये राहायला गेला आणि जुन्या जागी फ्लॅट उभे राहिले. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या स्टँडचे 1930 च्या दशकातले दर्शनी भाग तेवढे राखले. जिथं बार्तेझ मान वर करून बॉलकडं बघत राहिला, तिथं आता कुणीतरी संध्याकाळी कुत्रं फिरवत असेल.

या जागेला पहिल्यापासून अटी फार. 1913 साली क्लब थेम्सच्या दक्षिणेकडून इकडं आला तेव्हा जमीन एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजची होती, भाडेपट्ट्यानं घेतलेली. अट अशी की नाताळच्या दिवशी आणि गुड फ्रायडेला इथं मॅच खेळायची नाही. पहिली मॅच 6 सप्टेंबर 1913 ला लेस्टर फॉस या संघाशी झाली, तेव्हा बांधकामही पुरं झालेलं नव्हतं. मैदानावरचा पहिलाच गोल पाहुण्यांनी मारला! मग जॉर्ज जोबी यानं हेडरनं बरोबरी केली. पुढं त्याच मॅचमध्ये तो जखमी झाला आणि त्याला दूधवाल्याच्या गाडीवरून न्यावं लागलं, असं सांगतात. आर्सेनल 2-1 नं जिंकलं. घराचा पहिला गोल मारणारा माणूस दुधाच्या कॅनसारखा घरी गेला, हे मामांना फार आवडलं. त्यांच्या माहितीतला एक सेंटर फॉरवर्ड म्हणे उसाच्या बैलगाडीतून गेला होता. खरंखोटं मामाच जाणोत.

ती गुड फ्रायडेची अट 1925 मध्ये जागा विकत घेतल्यावर सुटली. सुटली ते बरं झालं. कारण 9 एप्रिल 2004 हा गुड फ्रायडेच होता. त्या आठवड्यात आर्सेनल आधी एफए कपच्या सेमीफायनलमध्ये आणि मग चॅम्पियन्स लीगमध्ये हरलं होतं. शुक्रवारी समोर लिव्हरपूल, आणि हाफ टाइमला तेच 2-1 नं पुढं. इंग्लंडच्या लीगमध्ये तोवर एकही मॅच न हरलेल्या संघाचे पाय त्या पंधरा मिनिटांत नक्की लटपटले असतील. त्यानंतर ऑन्री मधूनच बॉल घेऊन निघाला. लिव्हरपूलचा हमान मागं पडला, कॅरागर आपल्याच पायांत अडकला आणि बॉल कोपऱ्यात. मॅच 4-2, ऑन्रीची हॅटट्रिक. त्या सीझनच्या लीगच्या 38 मॅचेसमध्ये एकही हार नाही. माझ्या मते हायबरीवरचा सगळ्यात मोलाचा गोल हाच. देखणा तो बार्तेझवरचा, पण मोलाचा हा.

आर्सेनलच्याच इयन राइटची गोष्ट मात्र लग्नघरातल्या फजितीसारखी आहे. क्लबसाठी क्लिफ बॅस्टिनचे 178 गोल, हा विक्रम बरीच दशकं टिकलेला. 13 सप्टेंबर 1997 ला बोल्टनविरुद्ध राइटनं गोल मारला, शर्ट वर केला, आत बनियन, त्यावर 179 चा आकडा छापलेला. पण झाले होते 178! अक्षता पडायच्या आधीच बँड वाजला. बिचाऱ्याला थोड्याच वेळात खरा 179 वा मारावा लागला, तोही गोलच्या तोंडाशी, रिकाम्या जाळीत नुसता ढकललेला. एवढ्या मोठ्या विक्रमाचा इतका साधा गोल. पुढं हॅटट्रिकही केली त्यानं, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते बनियन.

नवलाची गोष्ट अशी की हायबरीचे दोन गोल आता एमिरेट्सबाहेर उभे आहेत, ब्राँझचे. 1998 मध्ये एव्हर्टनविरुद्ध चौथा गोल मारून टोनी अ‍ॅडम्स हात पसरून उभा राहिला, तो एक. स्टॉपरनं, म्हणजे गोल अडवायला मागं उभ्या असणाऱ्या डिफेंडरनं, दुसऱ्या स्टॉपरला पास द्यावा, त्यानं तो छातीवर घ्यावा आणि डाव्या पायानं ठोकावा, त्याच मॅचनं लीग जिंकावी, यापेक्षा मोठी चैन काय असते! दुसरा 2002 मधल्या टॉटनहॅमविरुद्धच्या मॅचमधला ऑन्री. आपल्या अर्ध्या मैदानातून बॉल घेऊन गोल मारला, मग साऱ्या मैदानाची लांबी उलटी पळत टॉटनहॅमच्याच लोकांपुढं गुडघ्यांवर घसरत गेला. गुडघे घसरले त्या गवतावर बाग झाली, पुतळा मात्र नव्या घराच्या दारात. देव्हारा हलवला की देवही न्यावे लागतात.

शेवटची मॅच 7 मे 2006 ची, विगनविरुद्ध. इथंही 4-2, इथंही ऑन्रीची हॅटट्रिक. हायबरीवरचा शेवटचा गोल पेनल्टीचा, पण तो मारल्यावर ऑन्री वाकला आणि त्यानं जमिनीची पापी घेतली. मी तेव्हा हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये होतो. चॅनेल बदला म्हणणारी दोन मुलंही तेवढा वेळ गप्प बसली.

हे सगळं नकाशासकट मामांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो हिरवा आयत मोठा करून बघितला.

"इथं गोल झाला म्हणतोस?"

"होय मामा. पण आता बाग आहे तिथं."

"बाग दिसतीया मला," मामा म्हणाले. "बागेत कुठं?"