मंगेशी-शांतादुर्गा दर्शन, आणि बाबांचं आधार कार्ड

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन गोव्याला जाऊन आलो. कोल्हापूरहून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीला गोव्यात प्रवेश. तिथे पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये उघडून दाखवलं, दोन मिनिटांत सुटलो. 2018 पासून डिजिलॉकर आणि एमपरिवहन या दोन्ही सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ प्रतीइतकीच ग्राह्य धरतात. गॅलरीतला फोटो मात्र त्यात मोडत नाही. घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून लायसन्सचं कार्ड खिशात असूच द्या. पीयूसीची तारीखही निघण्याआधी बघा.

खरी अडचण फोंड्याजवळच्या लॉजवर आली. रजिस्टरमध्ये प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र हवं होतं आणि बाबांचं आधार घरी कपाटातल्या फाइलमध्ये राहिलेलं. भावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, ओरिजिनल लागेल, नाहीतर डिजिलॉकर." म्हणून बाबांचं डिजिलॉकर उघडायला गेलो, तर ओटीपी त्यांच्या जुन्या नंबरवर! ते सिम बंद होऊन चार वर्षं झाली. दिवसभराच्या प्रवासाने थकलेले बाबा बाकावर बसून होते आणि मला फार वाईट वाटत होतं. शेवटी आईने औषधांची पिशवी उलटी केली. बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे बाबांचं मतदार कार्ड निघालं, कडा झिजलेलं, पण नाव-फोटो स्पष्ट. त्यावर खोली मिळाली.

तेव्हा, ज्याचं कार्ड त्याच्याकडेच द्या, सगळ्यांची एकाच पाकिटात नकोत. दुसरं एखादं ओळखपत्र वेगळ्या बॅगेत ठेवा. झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर मास्क्ड आधारची द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. विमानाने येणार असाल तर तिकिटावर दाबोळी आहे की मोपा, ते नीट वाचा. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

पणजीत माझ्या मुलाने स्कूटर भाड्याने घेतली. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या, भाड्याच्या गाडीची तीच खूण. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देऊ केली तरी नको. डिकीत आरसी आणि इन्शुरन्स आहे का बघा, आणि मूळ आधार अनामत म्हणून कुणाकडेही ठेवू नका.

परत आल्यावर बाबांना आधार केंद्रात नेऊन आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलून घेतला. वयामुळे बोटांच्या रेषा पुसट झाल्यात, ठसा चारदा घ्यावा लागला. घरात वयस्कर माणसं असतील तर हे काम सहलीच्या आदल्या दिवसावर ठेवू नका, दोन-तीन आठवडे आधीच उरकून घ्या.