एम्सच्या विद्यापीठातली नावे

अमेरिकेतल्या एम्स या गावी असलेल्या आयोवा राज्य विद्यापीठात संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी गेलो, तेव्हा पहिल्या सत्रातला गणिताचा वर्ग कार्व्हर हॉल नावाच्या इमारतीत भरत असे. जवळजवळ तीन आठवडे मी त्या दारातून आतबाहेर करत होतो, पण हे कार्व्हर कोण, हा प्रश्न मला पडला नव्हता. पुढे ग्रंथालयात एका दुपारी त्यांच्याविषयी वाचायला बसलो आणि अंधार पडल्यावरच उठलो. एम्समधली माझी वर्षे मला आज आठवतात ती बरीचशी अशा नावांमधून.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मले. चित्रकला शिकण्यासाठी ते आयोवातल्याच सिम्पसन कॉलेजात दाखल झाले होते. तिथल्या शिक्षिका एटा बड यांनी त्यांची वनस्पतींची जाण ओळखली आणि त्यांना एम्सला जाण्याचा सल्ला दिला, कारण बड यांचे वडील तिथे फलोद्यानशास्त्राचे प्राध्यापक होते. 1891 मध्ये कार्व्हर या संस्थेतले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी झाले. सुरुवातीला त्यांना इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीत जागा नव्हती. शेतावरच्या मजुरांबरोबर तळघरात जेवावे लागे. त्यांनी 1894 मध्ये पदवी आणि 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली, त्याच काळात ते तिथे शिकवूही लागले, आणि नंतर अलाबामातल्या टस्कीगीला गेले. एम्समध्ये असताना ते एका प्राध्यापकांच्या लहान मुलाला बरोबर घेऊन रानात वनस्पती दाखवत हिंडत. तो मुलगा, हेन्री वॉलेस, पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला.

माझे बालपण राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या वसाहतीत गेले, त्यामुळे एम्सची घडण मला परकी वाटली नाही. 1858 मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने शेतीचे कॉलेज काढायचे ठरवले, पण हाती पैसा नव्हता. 1862 च्या जुलैत, यादवी युद्ध ऐन भरात असताना, लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला अमेरिकी संसदेतल्या त्याच्या दर सदस्यामागे 30,000 एकर सरकारी जमीन मिळावी आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे उभी राहावीत, अशी ती योजना होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या कायद्याच्या तरतुदी स्वीकारणारे पहिले राज्य आयोवा ठरले. ही जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींकडून घेतलेली होती, हे विसरून या इतिहासाचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही. तरीही शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलांना उच्च शिक्षण मिळाले पाहिजे हा विचार त्या काळात मोठाच होता, आणि 1869 मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हापासून मुलांबरोबर मुलींनाही तिथे प्रवेश होता.

शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे ते ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे) या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली ठेवण्याची जी पद्धत आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांनी घेतली, ती याच जमीन-अनुदान विद्यापीठांची. 1904 मध्ये पेरी होल्डन या प्राध्यापकांनी मक्याच्या बियाण्याविषयी सांगण्यासाठी चक्क आगगाडी काढली होती. गावोगावच्या स्थानकांवर गाडी थांबायची, शेतकरी जमायचे आणि चांगले बियाणे कसे निवडावे याचे व्याख्यान व्हायचे. हे वाचताना मला आमच्या वसाहतीतून पहाटे निघणाऱ्या विस्तार विभागाच्या जीपगाड्या आठवल्या.

परिसराच्या मध्यभागी प्रशस्त हिरवळ आहे आणि तिच्यावर घंटांचा उंच मनोरा उभा आहे. सगळे त्याला कॅम्पनीली म्हणतात. 1872 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी आणि पुढे तिथेच गणिताचे प्राध्यापक झालेले एडगर स्टँटन यांनी आपल्या दिवंगत पत्नी मार्गारेट यांच्या स्मरणार्थ त्याच्या घंटा दिल्या. आज त्यात 50 घंटा आहेत. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला या मनोऱ्याखाली आपल्या माणसाचे चुंबन घेण्याची तिथल्या विद्यार्थ्यांची जुनी प्रथा आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, बर्फात बुडालेल्या त्या हिरवळीवरून वर्गाकडे जाताना कानावर पडणारे घंटांचे सूर हा घरापासून दूर असलेल्या मला मोठा आधार होता.

पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ 1928 मध्ये मेमोरियल युनियन ही इमारत खुली झाली. त्यांची नावे तिथल्या गोल्ड स्टार हॉलमध्ये कोरलेली आहेत. या इमारतीच्या उत्तरेकडच्या प्रवेशदालनात फरशीवर राशिचक्राची उठावदार धातुचित्रे आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी ती झिजून फरशीशी सपाट व्हावीत, असा बांधणाऱ्यांचा हेतू होता. पण त्यांच्यावर पाय पडला तर पुढच्या परीक्षेत नापास होतो असा समज विद्यार्थ्यांमध्ये पसरला, सगळे वळसा घालून जाऊ लागले आणि राशी आजही तशाच आहेत. चुकून पाय पडलाच, तर बाहेरच्या कारंज्यात नाणे टाकायचे. मीही वळसाच घालत असे.

भौतिकशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात 1939 ते 1942 या काळात जॉन अटानासॉफ आणि त्यांचा विद्यार्थी क्लिफर्ड बेरी यांनी विजेवर चालणारे अंकीय गणकयंत्र उभारले. पुढे ते मोडून टाकण्यात आले, आणि त्याचे श्रेय मिळायला 1973 चा न्यायालयीन निकाल यावा लागला.

पण मला सर्वांत जवळचे वाटते ते जॅक ट्राइस याचे नाव. हा या संस्थेचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तो पशुसंवर्धन शिकत होता आणि पदवीनंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी काम करावे असे त्याच्या मनात होते. 6 ऑक्टोबर 1923 रोजी मिनेसोटा विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात सुरुवातीलाच त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. तरी तो खेळत राहिला, नंतर प्रतिस्पर्ध्यांच्या पायांखाली तुडवला गेला आणि 8 ऑक्टोबरला एकविसाव्या वर्षी गेला. त्याच मध्यवर्ती हिरवळीवर हजारो विद्यार्थी त्याला निरोप द्यायला जमले. सामन्याच्या आदल्या रात्री त्याने स्वतःसाठी लिहिलेले पत्र त्याच्या कोटात सापडले. आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची प्रतिष्ठा उद्या पणाला लागली आहे, असे त्यात त्याने लिहिले होते.

त्यानंतर हे नाव कित्येक वर्षे बाजूला पडले. 1970 च्या दशकात नवे क्रीडांगण उभे राहत असताना विद्यार्थ्यांनी ते पुन्हा पुढे आणले आणि क्रीडांगणाला ट्राइसचेच नाव द्या अशी मागणी लावून धरली. 1984 मध्ये तडजोड झाली: क्रीडांगणाला विद्यापीठाच्या संघांचे 'सायक्लोन' हे नाव आणि आतल्या मैदानाला जॅक ट्राइसचे. विद्यार्थ्यांना ते पुरेसे वाटले नाही. त्यांनी पैसे जमवून 1988 मध्ये त्याचा पुतळा उभारला, आणि अखेर 1997 मध्ये संपूर्ण क्रीडांगणाला जॅक ट्राइसचे नाव मिळाले. या वीस-पंचवीस वर्षांत विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या आल्या आणि पदवी घेऊन गेल्या. जी मागणी आपल्या काळात पुरी होणार नाही हे दिसत होते, ती प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती सोपवली, याचे मला आजही फार मोल वाटते.

आणखी एक नाव मला अगदी अनपेक्षितपणे भेटले. 1933 मध्ये जॉर्ज स्नेडेकर यांनी सुरू केलेल्या संख्याशास्त्रीय प्रयोगशाळेमुळे आमच्या विभागाची कीर्ती जगभर झाली होती. नमुना-सर्वेक्षणाचा अभ्यास करताना ग्रंथालयातले एक जुने, जाडजूड पुस्तक मी खाली काढले. त्याचे लेखक होते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, आणि शीर्षकपानावर प्रकाशकाचे नाव होते आयोवा स्टेट कॉलेज प्रेस, एम्स, 1954. ते पुस्तक मी घरी नेले, आणि रात्री राहुरीला फोन करून ते पान वडिलांना सावकाश वाचून दाखवले.