गुराब तैलरंगात रंगवताना

गुराब म्हणजे मराठा आरमारातलं मोठं लढाऊ शिडाचं जहाज. या आरमाराचं चित्र फसतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, वाऱ्यामुळे. वारा मागून, शिडं पुढे फुगलेली, आणि डोलकाठीवरचं निशाण मात्र उलट, मागे फडफडतंय. गाडीवरचा झेंडा बघून डोळ्याला लागलेली ही सवय. मागून वारा घेऊन चाललेलं शिडाचं जहाज वाऱ्यापेक्षा हळूच जातं, म्हणून निशाणही पुढेच उडणार. तोफांचा धूरही तिकडेच जाणार. कच्च्या रेखाटनावर सगळ्यात आधी वाऱ्याचा बाण काढावा आणि मग तो पाळावा.

बाण कुठल्या दिशेचा, हे प्रसंगाच्या वेळेवर ठरतं. कोकण किनाऱ्यावर दुपारी वारा समुद्राकडून येतो, पहाटे जमिनीकडून. पावसाळ्यात आरमार खाडीत ओढून ठेवलेलं असे, त्यामुळे लढाईवर काळे ढग घालायचा मोह टाळावा. तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाला जळालं ते फेब्रुवारी 1756 मध्ये. त्या दिवसांतलं आभाळ वर फिकट निळं आणि क्षितिजाशी धुरकट असतं.

गुराबाचा सांगाडा नीट समजून घ्यावा. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांनुसार दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण 150 टनांची, तीन डोलकाठ्यांची 300 टनांपर्यंत. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बुटकी आणि पुढे लांब निघालेली. तिच्यावरून थेट समोर मारा करणाऱ्या दोन तोफा, 9 किंवा 12 पौंडी. गलबत त्याहून लहान, फार तर 70 टनांचं, 40-50 वल्ह्यांचं. त्याचं मोठं तिकोनी शीड चढवलं की टोक डोलकाठीच्याही वर जातं. इंग्रजी युद्धनौकेसारखी उंच, गोल नाळ काढली की ती गुराब राहतच नाही.

मग प्रमाण. 24 बाय 36 इंची कॅनव्हासवर 30 मीटरचं जहाज 40 सेंटीमीटर लांब काढलं, तर 1 मीटर म्हणजे सव्वा सेंटीमीटरहून थोडं जास्त. माणूस 2.2 सेंटीमीटरचा, आणि 3 सेंटीमीटर जाडीचा दोर जेमतेम 0.4 मिलिमीटरचा. माणसं मोठी झाली की जहाजाची होडी होते. क्षितिजाचाही एक पक्का नियम आहे: बघणाऱ्याचा डोळा पाण्यापासून 5 मीटर उंच धरला, तर जवळच्या काय, दूरच्या काय, प्रत्येक जहाजाला क्षितिज पाण्यापासून 5 मीटरवरच छेदणार.

आपल्या मराठवाड्यात समुद्र नाही, पण अभ्यासाला जागा आहेत. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. शिडं उभी, आयताकृती. त्यावरून गुराब काढता येत नाही, पण मोजक्या रेषांत जहाज कसं उभं राहतं ते तिथे शिकावं. पैठणला नाथसागरावर होडीचं प्रतिबिंब कसं तुटतं ते बघावं. लाट मात्र तिथली उचलू नये. जलाशयावर वाऱ्याला धावायला अंतर कमी मिळतं, म्हणून लाटा आखूड आणि जवळजवळ उठतात. दूरवरून आलेली समुद्राची लांब, संथ उसळी तिथे सापडत नाही.

रंगकामात क्रम महत्त्वाचा. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून रेखाटन, मग एका बैठकीत आभाळ, मग समुद्र, जहाज, शिडं. खालचे थर टर्पेन्टाइनचे, वरचे जास्त तेलाचे. उलट केलं तर वरचा थर आधी ताठरतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. शिडाला नुसता पांढरा लावू नये. बिनरंगी सुती कापडासाठी टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ऑकर आणि किंचित रॉ अंबर मिसळावा. ऊन मागून येत असेल तर शीड आतून उबदार पिवळं दिसतं आणि त्यावर पलीकडच्या दोरांच्या सावल्या पडतात. अख्ख्या चित्रात मला सर्वात आवडणारी जागा हीच.

दोर शेवटी, खालचा थर पूर्ण वाळल्यावरच. रंग शाईइतका पातळ, लांब केसांचा रिगर ब्रश, हाताखाली टेकूची काठी, आणि रेघ एका दमात. काळा टाळावा, तपकिरी-करडा घ्यावा. उजळ आभाळावर दोर बारीक होत विरतो, तो तसाच विरू द्यावा. सगळे दोर सारख्या जाडीने काढले की जहाज पिंजऱ्यात अडकल्यासारखं दिसतं.

जवस आपल्याकडे पिकतो, म्हणून घाण्याचं तेल वापरावंसं वाटतं. ते वापरू नये. त्यात चिकट गाळ असतो, रंग पिवळा पडतो. चित्रकामासाठी शुद्ध केलेलंच तेल घ्यावं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात जाड थरावर साय धरते, आत ओलं राहतं आणि सुरकुत्या पडतात. त्या दिवसांत थर पातळ ठेवावेत आणि धुळीसाठी खिडक्यांना ओलं कापड लावावं. वॉर्निश किमान सहा महिन्यांनी. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा मात्र कधीच करून ठेवू नये. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि तो गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्याच्या झाकणबंद डब्यात बुडवून ठेवाव्यात.